शशमृगयेचे शास्त्र आणि आमचे वाङ्मय

पाकशास्त्र, अश्वविद्या, वृक्षायुर्वेद, मृगया इत्यादी विषयांवरील ग्रंथांस वाङ्मयाच्या पंक्तीस बसवावे की नाही, हा वाद जुना आहे. आमचे समीक्षक अशा पुस्तकांस बहुधा उंबरठ्याबाहेरच ठेवतात. आणि खरे सांगावयाचे तर आम्हीही पुष्कळ वर्षे तोच शिरस्ता पाळीत आलो. परंतु गेल्या पावसाळ्यात घडलेल्या एका लहानशा प्रसंगाने आमच्या मतास धक्का बसला. त्याचे जे फळ निघाले ते वाचकांपुढे ठेवावे, एवढाच ह्या लेखाचा हेतू आहे.

आम्ही गास येथे राहतो. नालासोपाऱ्याच्या इमारती दिवसेंदिवस जवळ येत असल्या तरी ह्या गावी केळीच्या वाड्या आणि बावखलाचे थंड काठ अजून शिल्लक आहेत. तेथे आमचा एक माजी विद्यार्थी एके सकाळी बीगल जातीचे आठ-नऊ महिन्यांचे पिल्लू घेऊन आला. त्याची तक्रार अशी की, हे जनावर घरात लाघवी आहे. पण दाराबाहेर पाऊल पडले की त्याचे नाक जमिनीस चिकटते आणि कान जणू बंद होतात. हाका मारून घसा बसला तरी ते मागे वळून पाहत नाही. रात्री गळा काढून शेजाऱ्यांची झोपमोड करते. आणि ह्या दोन अपराधांपायी रोज मार खाते. ‘सर, ह्याला वळण लावायचे मराठीत एखादे चांगले पुस्तक आहे का?’ असे त्याने विचारले. आम्हांस एकही नाव सुचेना. जन्मभर पुस्तकांच्या सहवासात घालविलेल्या मनुष्यास ही गोष्ट लागल्यावाचून कशी राहील? म्हणून पुढील काही महिने आम्ही शिकारी कुत्र्यांविषयीचे वाङ्मय जमेल तितके वाचून काढले.

पहिली अडचण एका शब्दाची. बीगल हा सशाच्या शिकारीसाठी निपजविलेला कुत्रा, असे आपण सहज म्हणून जातो. परंतु मराठीतील ‘ससा’ ह्या एका शब्दाच्या पोटात दोन निराळे प्राणी नांदत आहेत. एक आपल्या माळरानावरचा. तो बीळ करीत नाही. गवतात अंगापुरती खळगी करून दबून बसतो, आणि त्याची पिले उघड्या डोळ्यांनी व अंगावर लव घेऊन जन्मास येतात. दुसरा युरोपातला, जमिनीखाली बिळे करून वसाहतीने राहणारा. त्याची पिले उघडी व आंधळी जन्मतात. आपल्याकडे पिंजऱ्यात पाळतात तो पांढरा ससा ह्या दुसऱ्याचा वंशज होय. हिंदुस्थानच्या रानात तो नाही. हा भेद केवळ कोशकाराच्या कामाचा नाही. बिळात शिरणाऱ्याची शिकार क्षणात संपते; मोकळ्यावर धावणारा मात्र मोठे वळण घेऊन पुन्हा आपल्या ठिकाणाजवळ येतो. अमेरिकेतील आखूड, पांढुरक्या शेपटीचा रानससाही असाच वर्तुळात धावतो. म्हणून तेथील शिकारी एका जागी उभा राहतो आणि बीगल त्या सशास हळूहळू फिरवून त्याच्यापुढे आणतो. ह्या कुत्र्याची सारी घडण त्या वर्तुळातून झाली आहे. भक्ष्याचा स्वभाव कळल्याखेरीज कुत्र्याचा स्वभाव कळत नाही. आणि शिकारी कुत्र्यांवरील कोणत्याही ग्रंथाची हीच कसोटी होय, असे आमचे मत झाले आहे.

ह्या कसोटीस झेनोफन हा सॉक्रेटिसाचा शिष्य उत्तम उतरतो. ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकातील ह्या ग्रीक लेखकाच्या नावावर असलेला मृगयेवरील छोटा ग्रंथ मुख्यतः सशाच्या शिकारीविषयी आहे. थंडीत गोठलेल्या जमिनीवर सशाचा वास कसा मरतो, दव पडल्याने तो कसा मंदावतो, ससा कोठे बसतो आणि कसा झोपतो, ह्याचे वर्णन त्यात इतक्या बारकाईने केले आहे की, लेखकाने अनेक पहाटे गुडघ्यावर बसून घालविल्या असाव्यात अशी खात्री पटते. कुत्र्यांच्या दोषांची त्याने दिलेली यादी तर आजच्या शिक्षकांसही उपयोगी पडेल. काही कुत्री माग नसताना भुंकतात, काही दुसऱ्याच्या भुंकण्यावर विसंबतात, काही माग लागल्याचे सोंग करितात! मादीस आठव्या व नरास दहाव्या महिन्यापासून शिकवावे, प्रथम लांब दोरीने बांधूनच मागावर न्यावे आणि नावे आखूड, झटकन हाक मारता येतील अशी ठेवावीत, असे तो सांगतो. आणि सशाची अगदी कोवळी पिले सापडली तर शिकारी ती देवीसाठी सोडून देतात, असेही तो नमूद करितो. शिकाऱ्याच्या हातास मर्यादा घालणारे हे एक वाक्य त्या ग्रंथास निव्वळ कृतिपुस्तकाच्या वर नेते.

सुमारे पाच शतकांनंतर एरियनने ह्या ग्रंथास पुरवणी जोडली. हाच एरियन अलेक्झांडरच्या स्वारीचा इतिहासकार व हिंदुस्थानचे वर्णन करणारा म्हणून आपल्या परिचयाचा आहे. केल्ट लोकांचे नजरेने शिकार करणारे वेगवान कुत्रे झेनोफनास ठाऊक नव्हते, म्हणून त्याने लेखणी उचलली. खरा रसिक कुत्रे सोडतो तो ससा मारण्यासाठी नव्हे, तर दोघांची शर्यत पाहण्यासाठी. ससा निसटला तर त्यास आनंदच होतो, असे तो म्हणतो. हॉर्मी नावाच्या आपल्या लाडक्या कुत्रीविषयी तो लिहितो की, ती आपल्या निरनिराळ्या गरजा निरनिराळ्या आवाजांनी सांगे. आणि तिचे नाव मागे राहावे ह्यासाठी तो ते ग्रंथात नोंदवून ठेवतो. तिचे नाव आज आम्ही गासमध्ये बसून उच्चारीत आहोत, ह्याहून ग्रंथाचे सामर्थ्य निराळे काय असते?

एरियनमुळे एक गोष्ट स्पष्ट होते. शिकारी कुत्र्यांचे दोन मोठे वर्ग आहेत: डोळ्याने धावणारे आणि नाकाने चालणारे. पहिल्यास वेग हवा. तो मुकाट्याने धावतो. दुसऱ्यास चिकाटी हवी. आणि तो दाट झुडपात दिसेनासा होत असल्यामुळे त्याने माग लागताच गळा मोकळा सोडावा, अशी त्याच्या धन्याची अपेक्षा असते. बीगल हा दुसऱ्या वर्गातील. पीटर बेकफर्ड ह्या इंग्रज गृहस्थाने १७८१ साली प्रसिद्ध केलेल्या मृगयाविषयक पत्रांत ह्या निपजीचे मर्म सांगितले आहे. मोठ्या संथ कुत्र्याचे नाक उत्तम, पण तो जड. लहान बीगल चपळ, पण उतावळा. दोहोंच्या संकरातून हवे तसे कुत्रे मिळविण्यास आपणांस कित्येक वर्षे लागली, असे तो मोकळेपणाने कबूल करितो. पुढे १८३० च्या सुमारास इंग्लंडात एसेक्स परगण्यातील हनीवुड नामक पाद्र्याने, आणि १८७० नंतर अमेरिकेत इलिनॉय प्रांतातील जनरल रोवेट ह्याने हे काम पुढे नेले. आजच्या बीगलची वंशावळ ह्या कळपांपर्यंत नेऊन भिडवितात. १८८८ साली अमेरिकेत बीगलपालकांचा राष्ट्रीय संघही निघाला. थोडक्यात, आमच्या विद्यार्थ्याच्या पिल्लाचे ते ‘बहिरे’ कान आणि तो ‘निर्लज्ज’ गळा हे दोष नव्हेत. अनेक पिढ्या वेचून वेचून त्याच्या अंगी बाणविलेले ते गुण आहेत. ज्या गुणासाठी पूर्वजांस शाबासकी मिळाली, त्याच गुणासाठी वंशजाने मार खावा, हा न्याय कोणता?

विलायती व अमेरिकन हस्तपुस्तकांविषयीही दोन शब्द लिहिले पाहिजेत. पिल्लास कुंपण घातलेल्या रानात प्रथम वासाची ओळख करून द्यावी. माग तुटला तर हाका मारून त्यास ओढून न आणता ते स्वतः शोधीपर्यंत थांबावे. बंदुकीच्या आवाजाची सवय दुरून व हळूहळू लावावी. उलट्या दिशेने माग काढणाऱ्या कुत्र्यापासून पैदास करू नये. हे सर्व त्यांत रीतसर सापडते. परंतु अलीकडील अनेक पुस्तकांत ससा पानोपानी असून कोठेच दिसत नाही. तो एक गुणांकाचे साधन होऊन बसला आहे. तेरा इंचांचा वर्ग, पंधरा इंचांचा वर्ग, ढाली आणि पदके ह्यांच्या गर्दीत वाऱ्यावर कान टवकारलेला तो प्राणी हरवला आहे. ही पुस्तके उपयुक्त आहेत. पण झेनोफनाची सर त्यांस नाही.

आता आपल्या घराकडे वळू. मनूने मृगयेस कामज व्यसनांत गणले. कौटिल्याने व्यसनांची तुलना करिताना तिचे गुणही सांगितले: व्यायाम, चल लक्ष्यावर नेम, आणि पशूंच्या चित्ताचे ज्ञान. ‘शाकुंतला’च्या दुसऱ्या अंकात सेनापती राजापुढे हीच स्तुती गातो, आणि विदूषक बिचारा अंग मोडून आल्याचे रडगाणे गातो. पशूंचे चित्त जाणणे हा मृगयेचा गुण आहे, हे आमच्या पूर्वसूरींनी इतके स्पष्ट ओळखले होते. मग ते ज्ञान लिहून कोणी ठेवले? कल्याणीच्या चालुक्यवंशीय तिसऱ्या सोमेश्वराने बाराव्या शतकात रचिलेल्या ‘मानसोल्लास’ ग्रंथात सारमेयविनोद, म्हणजे कुत्र्यांची करमणूक, हा स्वतंत्र विषय आहे. मराठीच्या प्राचीन खुणा शोधणाऱ्यांस हा ग्रंथ परिचित आहेच. गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत श्रीगोंदेकरांनी तो संपादिला. त्याचा विस्तार थोर आहे. परंतु त्याची दृष्टी सिंहासनावरून खाली पाहणाऱ्याची आहे. झेनोफन मागावर वाकलेला दिसतो. सोमेश्वर विनोद पाहत बसलेला दिसतो.

आणि मराठीत? कुत्रा आम्हांस अपरिचित नाही; दत्ताच्या पायाशी आणि खंडोबाच्या सोबतीस तो आहेच. सोलापूर, सांगली, कोल्हापूरकडील माळांवर पिढ्यानपिढ्या सशामागे धावलेला, सडपातळ, लांब तोंडाचा कारवानी कुत्रा तर जगातील कोणत्याही नजरेच्या कुत्र्याशेजारी उभा करावा असा आहे. मुधोळचे राजे मालोजीराव घोरपडे ह्यांनी ह्या जातीची निगुतीने जोपासना केली, म्हणून तिला मुधोळ हे नाव मिळाले. २००५ साली टपाल खात्याने तिचे तिकीटही काढले. तिकीट निघाले, पण ह्या कुत्र्याच्या पैदाशीचे व शिक्षणाचे ज्ञान ज्या धनगर-पारध्यांच्या आणि शेतकऱ्यांच्या तोंडी होते, त्यांस लिहिते करणारा, निदान त्यांचे ऐकून लिहून घेणारा, झेनोफन आमच्यात निपजला नाही. उलट पारध्यांस इंग्रजी अमलात जन्मतः गुन्हेगार ठरविले गेले. १८७१ पासून सुरू झालेल्या त्या कायद्यांचा शिक्का १९५२ साली पुसला गेला, तरी समाजाच्या मनातून तो गेला आहे असे म्हणवत नाही. ज्यांस आपण ऐकून घेण्यायोग्य मानले नाही, त्यांचे शास्त्र आपल्या ग्रंथालयात कोठून येणार?

येथे कोणी म्हणेल की, १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि त्यातील १९९१ ची दुरुस्ती ह्यांनंतर रानातील ससा मारणे हा गुन्हा आहे; इंग्लंडातही २००५ पासून कुत्र्यांनिशी सशाची शिकार बंद आहे; मग मेलेल्या विद्येचा शोक कशास? आक्षेप खरा आहे, आणि कायदा योग्य आहे, असे आम्ही निःशंकपणे म्हणतो. आमच्या गासशेजारच्याच सोपाऱ्यास १८८२ साली भगवानलाल इंद्रजी ह्यांस अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सापडला. पूर्वीचे राजे मृगयेसाठी विहारयात्रा करीत, आपण त्याऐवजी धर्मयात्रा आरंभिली, असे सांगणारा तो लेख. ज्या भूमीत हे शब्द कोरले गेले तेथे बसून आम्ही शिकारीची भलामण करणार नाही. परंतु शिकार थांबली म्हणून कुत्र्याचे नाक थांबत नाही. रानातली परीक्षा गेली की पैदास करणारा केवळ रंग, उंची आणि किंमत पाहू लागतो, आणि शतकांचे गुण दोन-चार पिढ्यांत विरून जातात. विद्येचा प्रयोग बंद झाला की तिचे रक्षण ग्रंथासच करावे लागते. शिवाय त्या गुणांस नवे, निरुपद्रवी काम देता येते. अमेरिकेच्या कृषिखात्याने १९८४ साली लॉस एंजेलिसच्या विमानतळावर प्रवाशांच्या सामानातील निषिद्ध फळे व मांस हुंगून काढण्यास बीगल नेमले, ते ह्याच नाकाच्या भरवशावर.

आमच्या विद्यार्थ्यास आम्ही पुस्तक देऊ शकलो नाही; हे वाचलेले मात्र सांगितले. मार थांबवावा, कुत्र्यास लांब दोरी लावून रोज सकाळी वाडीत न्यावे, पालापाचोळ्यात खाऊचे तुकडे दडवून मागाची एक रेघ आखावी, माग तुटला तर धीर धरावा. परवा आम्ही त्या दोघांस बावखलाच्या काठी पाहिले. कुत्रा नाक टेकून चालला होता, मध्येच थबकत होता, मागे फिरून पुन्हा माग धरीत होता. मालक दोरीचे टोक हाती धरून उभा होता. त्याने एकही हाक मारली नाही. शेवटी केळीच्या बुंध्याशी तुकडा सापडताच कुत्र्याने असा गळा काढला की पलीकडच्या वाडीतील माणसे वळून पाहू लागली. विद्यार्थी आमच्याकडे पाहून ओशाळवाणे हसला. परंतु त्याने हात उगारला नाही. मराठीत ह्या विषयावर पहिले पुस्तक लिहिण्यास जो कोणी बसेल, त्याने आरंभ अशाच एखाद्या सकाळपासून करावा, अशी आमची त्यास विनंती आहे.