श्रमाच्या कथेतला ‘मी’ आणि ‘ती’

श्रमिकाने स्वतःची कथा स्वतः सांगितली की ती साऱ्या श्रमिकांची झाली, असे आपण सहज मानून चालतो. पॅट्रिक मॅकगिल या आयरिश मजूर-लेखकाच्या दोन कादंबऱ्या लागोपाठ वाचल्या की हा समज टिकत नाही.

मॅकगिल आयर्लंडमधल्या डोनेगॉलचा. पोरवयातच मजुरांच्या बाजारात उभा राहिला. पुढे परमुलखात, स्कॉटलंडमध्ये, बटाटे काढले, रेल्वेमार्गावर खपला, किनलॉकलेव्हनच्या धरणकामावर राबला. ‘चिल्ड्रेन ऑफ द डेड एंड’ (१९१४) या कादंबरीत बव्हंशी त्याचेच जगणे आहे. नायक डर्मड फ्लिन ‘मी’ म्हणून बोलतो. घरची पत्रे पैसे मागतात, गावचा पाद्री गरिबांकडून वर्गणी उकळतो, आणि पोटासाठी माणूस कामामागे वणवण फिरतो. ते धरण १९०९ मध्ये पूर्ण झाले. तिथल्या मजुरांच्या दफनभूमीत एका थडग्यावर नावाच्या जागी ‘अज्ञात’ एवढेच कोरले आहे. ज्यांची नावेही उरली नाहीत, त्यांचे जगणे मॅकगिलने साहित्यात आणले.

याच डर्मडच्या टोळीत नोरा रायन आहे. पुरुष खणतात, बाया मागून गुडघ्यांवर सरकत बटाटे वेचतात. शेत एक, मालक एक. पण शेतमालकाचा मुलगा नोराला फसवतो. पदरी मूल येते आणि अखेर ग्लासगोत शरीर विकून जगणे वाट्याला येते. रस्त्यावर आलेला डर्मड भटका होतो, बंडखोर होतो, लेखक होतो. रस्त्यावर आलेली नोरा मात्र ‘पतित’ ठरते! पहिल्या कादंबरीत ती त्याला पुन्हा भेटते ती मरणाच्या दारात. मधली वर्षे तिने कशी काढली?

‘द रॅट-पिट’ (१९१५) मध्ये मॅकगिल तीच कथा नोराच्या बाजूने सांगतो. व्यापाऱ्याचे सूत आणून कवडीमोलाने मोजे विणणाऱ्या गावच्या बायाही इथे दिसतात. तरीही एक भेद उरतोच. डर्मड ‘मी’ होता, नोरा ‘ती’च राहते. व्यवस्थेवरचा संताप आणि विचार त्याच्याकडे, सोसणे तिच्याकडे. लेखकाची करुणा खरी आहे, पण करुणेने वाचा फुटत नाही.

एकच कथा दोनदा लिहावीशी वाटली, यात मॅकगिलचा प्रामाणिकपणा आहे. तिसऱ्यांदा ती नोराने लिहायला हवी होती. म्हणून श्रमिकाचे कोणतेही आत्मकथन हाती घेताना आपण आधी विचारले पाहिजे: इथे ‘मी’ कोण म्हणतो, आणि कोणाला म्हणता येत नाही?