ज्याला चित्र नाही, ते गाणं नाही? : मराठी संगीतवाहिन्यांविषयी



आजचा विषय काहींना हलकाफुलका वाटेल. तत्त्वज्ञान शिकवण्यात हयात घालवलेल्या माणसानं टीव्हीवरच्या गाण्यांच्या वाहिनीवर कशाला बोलावं? तर त्याचं असं आहे, की समाजात ‘गाणं’ कशाला म्हणायचं हे कोणीतरी ठरवत असतं. गेल्या काही वर्षांत मराठीपुरतं ते काम बरंचसं संगीतवाहिन्यांनी केलं आणि तेही कुठलाच वाद न घालता. वाद न घालता जे ठरून जातं त्याकडे निरखून पाहणं हाच आमचा धंदा आहे.

आधी थोडा इतिहास पाहू. १ एप्रिल १९५५ पासून पुणे आकाशवाणीनं गीतरामायण सुरू केलं. शब्द गदिमांचे, संगीत सुधीर फडक्यांचं. आठवड्याला एक नवं गीत, अशी वर्षभरात ५६ गीतं. २ ऑक्टोबर १९७२ ला मुंबई दूरदर्शन आलं. हिंदी चित्रपटगीतांसाठी तिथं ‘छायागीत’ होतं आणि मराठी गाण्यासाठी ‘शब्दांच्या पलीकडले’. १९९९ मध्ये अल्फा मराठी ही खाजगी वाहिनी सुरू झाली आणि तिच्यावर ‘नक्षत्रांचे देणे’ आलं. या सगळ्यांत एक गोष्ट समान आहे बघा. ते ‘कार्यक्रम’ होते. त्यांना आरंभ होता, शेवट होता आणि बहुतेक वेळा मध्यभागी एखादा कवी किंवा संगीतकार असायचा. आपण वेळ पाहून टीव्ही लावत होतो आणि कार्यक्रम संपला की बंद करत होतो.

२०११ मध्ये नाईन एक्स झकास आली. पहिली मराठी संगीतवाहिनी म्हणून ती ओळखली जाते. पुढं संगीत मराठी आली, २०२० मध्ये झी वाजवा आली. आता गाणं चोवीस तास. रेमंड विल्यम्स या विचारवंतानं १९७४ मध्येच टेलिव्हिजनसाठी ‘प्रवाह’ ही कल्पना मांडली होती : प्रेक्षक सुटा कार्यक्रम पाहत नाही, तो वाहत्या पाण्यात पाय सोडून बसतो. संगीतवाहिनी म्हणजे हा प्रवाह अगदी शुद्ध रूपात. तिथं कोणी ‘पाहायला’ बसत नाही. केशकर्तनालयात, हॉटेलात, मोबाइलच्या दुकानात ती आपली चालू असते.

या वाहिन्यांचं श्रेय आम्ही नाकारत नाही. १ जानेवारी २०१० ला ‘नटरंग’ आला, अजय-अतुल यांचं संगीत गावोगाव वाजलं आणि नवं मराठी चित्रपटगीत बाजारात उभं राहू शकतं हे दिसलं. पण त्या गाण्यांना रोजचं घर नव्हतं, ते झकासनं दिलं. कॉलेजातल्या पोरापोरींना मराठी गाणं लावायची लाज वाटेनाशी झाली, यात या वाहिन्यांचा वाटा आहे. ही लहान गोष्ट नव्हे.

आता जरा हिशेब करू. गाणं चार मिनिटांचं धरा, जाहिराती वगळून तासाला बारा गाणी धरा. दिवसाला झाली २८८. एवढी नवी चित्रित गाणी मराठीत रोज आणायची कुठून? म्हणून तीच तीच फिरतात. आणि जी फिरतात ती बहुतेक येऊ घातलेल्या किंवा नुकत्याच लागलेल्या चित्रपटांची असतात, कारण चित्रीकरणाचा खर्च निर्मात्यानं आधीच केलेला असतो. म्हणजे गाण्याचं आयुष्य चित्रपटाच्या तारखेला बांधलेलं. चित्रपट उतरला की बहुतेक गाणीही उतरली.

प्लेटोच्या ‘युथिफ्रो’ संवादात सॉक्रेटिस विचारतो : एखादी गोष्ट पवित्र आहे म्हणून देवांना आवडते, की देवांना आवडते म्हणून ती पवित्र ठरते? आम्ही तोच प्रश्न इथं विचारतो. गाणं आवडतं म्हणून वाजतं, की वाजतं म्हणून आवडतं? वाहिनीवाले म्हणतील, लोकांना हवं तेच आम्ही देतो. पण ज्याची निवड करायची ते आधी समोर तर यायला हवं! जे कधी दिसलंच नाही त्याला लोकांनी नाकारलं, असं कसं म्हणता येईल?

आणि काय दिसत नाही? जे चित्रित झालेलं नाही ते. भावगीत, नाट्यपद, शाहिरी, भजनी मंडळांचा अभंग. प्रल्हाद शिंदे यांची गाणी, वामनदादा कर्डकांची गीतं वर्षानुवर्षं कॅसेटवर, लाउडस्पीकरवर आणि माणसांच्या तोंडी जगली. या प्रवाहात त्यांना जागा मिळते ती बहुधा सणापुरती, जयंतीपुरती. वाहिनीच्या मनात त्यांच्याबद्दल काही वाईट आहे, असं आम्ही अजिबात म्हणत नाही. ती गाणी तिच्या दाराच्या मापातच बसत नाहीत. गाण्याच्या अस्तित्वाची अट सूर आणि शब्द ही होती, ती आता चित्र झाली. आमची मूळ तक्रार ही आहे.

नावंच पाहा ना! ‘शब्दांच्या पलीकडले’ म्हणायला आधी शब्द असावे लागतात. ‘झकास’ ही दाद आहे, ऐकून झाल्यावर द्यायची. इथं ती आधीच देऊन टाकलेली आहे. आणि ‘वाजवा’ ही तर आज्ञाच. ‘ऐका’ असं कोणी म्हणत नाही. गाण्याच्या सुरुवातीला नावांची पट्टी येते, पण गीतकारापर्यंत नजर पोचण्याआधी नायिका नाचायला लागलेली असते.

कोणी म्हणेल, सर, या जाहिरातींवर चालणाऱ्या खाजगी वाहिन्या आहेत, त्यांच्यावर संस्कृतीचं ओझं कशाला? ठीक आहे, कर्तव्याचं राहू द्या, व्यवहाराचं बोलू. तुमच्याकडे दिवसाच्या २८८ जागा आहेत आणि भरायला माल अपुरा आहे. दुसरीकडे शंभर वर्षांचं ध्वनिमुद्रित मराठी गाणं पडून आहे. यूट्यूबवर लोक काय करतात? काळ्या पडद्यावर गाण्याचे शब्द सरकवतात, त्याला ‘लिरिकल व्हिडिओ’ म्हणतात आणि लाखो माणसं तो पाहतात. चित्राची अट पाळूनही शब्द परत आणता येतो, याचा हा पुरावा. वाहिनीनं रोज एक तास एवढंच करावं : जुनं ध्वनिमुद्रण लावावं, पडद्यावर शब्द द्यावेत आणि कवी, संगीतकार, गायक यांची नावं शेवटपर्यंत ठेवावीत. हक्क विकत घ्यावे लागतील हे खरं, पण नाचगाणं चित्रित करण्याच्या मानानं ते काम आटोक्यातलं आहे.

यात पणाला काय लागलंय? २०११ साली दहा वर्षांचं असलेलं मूल आज गाणी लिहायच्या वयाला आलंय. त्यानं मराठी गाणं म्हणून जे पाहिलं, त्यातूनच त्याची गाण्याची व्याख्या घडली. त्या व्याख्येत नुसतं बसून गायलेलं, नुसतं ऐकायचं गाणं नसेल, तर ते त्याला सुचणार तरी कसं? जुनं गाणं हरवेल याची आम्हाला तितकी भीती नाही, जुन्याला चाहते सापडतात. जे अजून लिहिलंच गेलेलं नाही, त्याची काळजी वाटते.

इथे थांबतो. प्रश्न असतील तर जरूर विचारा. आणि झकास रोज पाहणारं कोणी सभागृहात असेल, तर पहिला प्रश्न त्यांचा.