ओवीचा पत्ता

फादर थॉमस स्टीफन्स यांच्या ‘ख्रिस्तपुराणा’विषयीचे लेखन वाचताना आम्हांस एक उणीव वारंवार जाणवते. ओवी दिलेली असते आणि तिच्याखाली केवळ पृष्ठांक. पण कोणत्या आवृत्तीचा? १६१६ साली रोमन लिपीत छापलेला हा ग्रंथ १९०७ मध्ये जे. एल. सालढाणा यांनी मंगळूरहून रोमन लिपीतच, १९५६ मध्ये शांताराम बंडेलू यांनी पुण्याहून देवनागरीत, तर १९९६ मध्ये कॅरिदाद द्रागो यांनी मुंबईहून सिद्ध केला. प्रत्येकाची पृष्ठे निराळी.

संदर्भ देण्याच्या रूढ पद्धतींपैकी एपीए पद्धत आडनाव व प्रकाशनवर्ष देते. नित्य बदलणाऱ्या शास्त्रांत ती योग्यच आहे. परंतु ‘स्टीफन्स, १९९६’ असे वाचले की १६१९ मध्ये निवर्तलेले फादर आपले समकालीन ठरतात! ‘१६१६/१९९६’ अशी दोन्ही वर्षे देण्याची सोय तिच्यात आहे, पण ती विसरली जाते. साहित्याभ्यासकांची एमएलए पद्धत आडनाव व पृष्ठ देते, मात्र पद्यासाठी पृष्ठाऐवजी विभाग व ओळ देण्यास सांगते. शिकागो पद्धतीच्या तळटिपेत आवृत्ती, हस्तलिखित, पाठभेद असे सारे मावते. म्हणून अशा जुन्या ग्रंथासाठी आमचा कौल तळटिपेला आहे.

पद्धत कोणतीही असो, धडा आपल्या घरच्या बायबलनेच दिलेला आहे. योहान ३:१६ म्हटले की कोणत्याही प्रतीत वचन सापडते. १३व्या शतकातील स्टीफन लँग्टन यांची अध्यायरचना आणि १५५१ मध्ये रोबेर एस्तिएन यांनी नव्या कराराला दिलेले वचनांक यांचे हे ऋण. तरीही ज्याला आपण २३वे स्तोत्र म्हणतो, ते जुन्या लॅटिन बायबलात २२वे आहे. म्हणजे अंकासोबत आवृत्तीही सांगावी लागते.

‘ख्रिस्तपुराणा’च्या पहिल्या पुराणात ३६ व दुसऱ्यात ५९ अवस्वर आहेत. तेव्हा पुराण, अवस्वर, ओवी आणि शेवटी आवृत्ती, असाच क्रम असावा. वसईच्या वाचकाजवळ एक प्रत असेल, गोव्याच्या वाचकाजवळ दुसरी. दोघांनाही ती ओवी उघडून पडताळता आली पाहिजे. अन्यथा चुकीचा पाठ एका लेखातून दुसऱ्या लेखात उतरत राहील आणि पुढची पिढी त्यालाच फादरांचे शब्द मानील. प्रबंध लिहिणाऱ्या आपल्या मुलामुलींनी एवढी दक्षता घ्यावी, अशी आमची विनंती आहे.