अपवादाची नीती : एकनाथ-आख्यानांचा पुनर्विचार

पैठणला गोदावरीच्या तापल्या वाळूत रडणारे महाराचे मूल एकनाथांनी कडेवर उचलून घेतले, ही कथा महिपतींच्या (१७१५-१७९०) संतचरित्रांनी घरोघर पोचवली. आपली समीक्षा तिची नोंद 'उदारता' किंवा 'समन्वय' अशी करते आणि पुढे सरकते. अपवाद केल्यावर नियमाचे काय होते, हा प्रश्न मात्र तसाच राहतो.

या प्रश्नाची नेटकी मांडणी कन्फ्यूशियसच्या परंपरेत आढळते. तेथे 'छ्युआन' ही संज्ञा आहे. तिचा मूळ अर्थ तराजूचे वजन. त्यावरून प्रसंग तोलणे. स्त्री-पुरुषांनी देता-घेताना परस्परांना स्पर्श करू नये, असा शिष्टाचार. मग भावजय बुडत असेल तर? हात न देणारा लांडगाच, असे मेन्शियस (इ.स.पू. चौथे शतक) सांगतो. संवाद बहुधा येथेच तोडला जातो. प्रश्नकर्ता पुढे विचारतो, सारे जग बुडते आहे, तर तुम्ही हात का देत नाही? मेन्शियसच्या मते हाताने भावजय वाचते. जगासाठी 'मार्ग' हवा.

दोन्ही प्रसंगांत स्पर्शाचा निषेध आहे, पण साम्य तेवढेच. भावजयीला हात देण्याने त्या शिष्टाचारामागील आदराला बाध येत नाही. अस्पृश्यतेच्या नियमाला असा रक्षणीय हेतूच नाही. तेथील अपवाद नियमाला दोषी ठरवतो. आणि नियम तसाच राहिला तर त्याला फुकटची दयाळूपणाची कीर्ती मिळते. डॉ. आंबेडकरांचा आक्षेप याच ठिकाणी आहे. 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट'च्या (१९३६) दुसऱ्या आवृत्तीत गांधींना उत्तर देताना ते 'धर्मात्मा' (१९३५) या चित्रपटातील एकनाथांचा उल्लेख करतात : गंगास्नानाने विटाळ धुतला जातो, या विश्वासावर नाथांनी तो स्पर्श केला, अस्पृश्यतेला त्यांचा विरोध नव्हता. त्याच ग्रंथात 'नियम' आणि 'तत्त्व' यांत त्यांनी केलेला भेद मेन्शियसच्या हात-मार्ग भेदाशेजारी ठेवून वाचण्याजोगा आहे.

आक्षेप मला ग्राह्य वाटतो. मात्र त्याने नाथांचे वाङ्मय निकालात निघत नाही. चरित्रकारांच्या आख्यायिकांपेक्षा महाराच्या मुखाने बोलणारी भारुडे येथे अधिक मोलाचा पुरावा आहेत. एलिनॉर झेलियट यांनी त्यांचा स्वतंत्र विचार केला, ही महत्त्वाची गोष्ट. महार-ब्राह्मण संवादात ज्ञान महाराकडे आहे आणि ब्राह्मण ऐकणारा. या उलटापालटीला कोणतेही स्नान पुरणारे नाही. इतर भारुडांत मात्र तोच ज्ञानी वक्ता आरंभी 'जोहार' घालतो, आणि वाकलेल्या मानेनेच गावाला उपदेश करतो.