प्रतिमा आणि रचना : सिलिकॉनवरील चांदीच्या एकाणू थराच्या अणुरचना-निश्चितीची चिकित्सा

प्रस्तावना :

अर्धवाहकाच्या पृष्ठभागावर पसरलेल्या एक-दोन अणू जाडीच्या धातुथराची अणुरचना निश्चित करणे हे पृष्ठभाग-विज्ञानातील एक मूलभूत कार्य होय. अशा थरात बाहेरून थोडे जादा अणू मिसळले, म्हणजेच त्याचे डोपिंग केले, तर त्याची विद्युतवाहकता व रचना दोन्ही बदलतात. हा बदल समजून घ्यावयाचा असेल तर मूळ थराची रचना निर्विवाद असणे आवश्यक ठरते. प्रस्तुत लेखात सिलिकॉन(१११) पृष्ठभागावरील चांदीच्या √३×√३ या थराच्या अभ्यासाचा चिकित्सक आढावा घेतला असून, कोणत्या पुराव्याला किती वजन द्यावे या प्रश्नाचा विचार केला आहे.

एक प्रतिमा, दोन अर्थ :

या थराचे अस्तित्व १९६७ साली मंदगती इलेक्ट्रॉनांच्या विवर्तनातून लक्षात आले. त्याची एकक कोशिका मूळ पृष्ठभागाच्या कोशिकेच्या तिप्पट क्षेत्रफळाची असते, इतके विवर्तनाने सांगितले. परंतु त्या कोशिकेत अणू कोठे बसले आहेत हे सांगितले नाही. पुढे स्कॅनिंग टनेलिंग मायक्रोस्कोप उपलब्ध झाल्यावर हा प्रश्न सहज सुटेल अशी अपेक्षा निर्माण झाली. १९८७ साली आयबीएमच्या दोन वेगवेगळ्या प्रयोगशाळांतून या पृष्ठभागाच्या प्रतिमा प्रसिद्ध झाल्या. दोन्हींत मधमाश्यांच्या पोळ्यासारखी षट्कोनी जाळी स्पष्ट दिसत होती. मात्र विल्सन व च्यांग यांनी त्या जाळीतील तेजस्वी ठिपके चांदीचे अणू मानले, तर व्हॅन लोनन व सहकाऱ्यांनी ते सिलिकॉनचे अणू असून चांदी त्यांच्या खाली दडलेली आहे असे प्रतिपादन केले.

हा मतभेद तपशिलापुरता मर्यादित नव्हता. ठिपके चांदीचे मानल्यास एका कोशिकेत चांदीचे दोन अणू येतात व आच्छादन दोन-तृतीयांश थर इतके ठरते. अन्य पद्धतींनी केलेली काही मोजमापे मात्र एका पूर्ण थराकडे, म्हणजे कोशिकेत तीन अणूंकडे निर्देश करीत होती. पृष्ठभागावर धातूचे अणू किती आहेत, या प्राथमिक प्रश्नाचे उत्तरच प्रतिमेच्या वाचनावर अवलंबून राहिले होते.

तिसरे उत्तर :

१९८८ साली ताकाहाशी व सहकाऱ्यांनी क्ष-किरण विवर्तनाच्या आधारे वेगळे प्रारूप मांडले. त्यानुसार प्रत्येक कोशिकेत चांदीचे तीन अणू सर्वांत वरच्या थरात असतात व त्यांच्या खाली सिलिकॉनच्या तीन-तीन अणूंचे त्रिकोणी गट असतात. पुढे १९९१ साली डिंग, चॅन व हो यांनी या प्रारूपावरून इलेक्ट्रॉन-अवस्थांचे गणित केले. तेजस्वी ठिपके ना चांदीच्या अणूंवर येतात, ना सिलिकॉनच्या. ते चांदीच्या तीन अणूंच्या त्रिकोणाच्या मध्यभागी, जेथे अणूच नाही अशा ठिकाणी येतात, असे त्यातून दिसून आले. प्रतिमा खरी होती, तिचे दोन्ही अर्थ चुकले होते.

येथे न्यायाची भूमिका घेणे इष्ट ठरेल. टनेलिंग मायक्रोस्कोप अणूंची स्थाने दाखवीत नाही. विशिष्ट ऊर्जेच्या इलेक्ट्रॉन-अवस्था अवकाशात कोठे दाट आहेत हे दाखवितो. व्हॅन लोनन व सहकाऱ्यांचा निष्कर्ष टिकला नसला तरी स्थानिक इलेक्ट्रॉन-अवस्था आणि भूमिती यांचा एकत्रित विचार त्यांनीच केला होता, हे विसरता येत नाही. दुसरीकडे, क्ष-किरण विवर्तनही निर्दोष नाही. त्यात केवळ तीव्रता मोजली जाते, कला हरवते; म्हणून आधी प्रारूप कल्पावे लागते व नंतर ते पडताळावे लागते. शिवाय ही पद्धत विस्तृत क्षेत्राची व दीर्घ काळाची सरासरी देते.

या सरासरीची मर्यादा १९९९ साली उघड झाली. आयझावा व सहकाऱ्यांनी दाखविले की कोशिकेतील चांदीचे दोन त्रिकोण समान नसून एक मोठा व एक लहान असणे ऊर्जेच्या दृष्टीने अधिक अनुकूल आहे. कमी तापमानातील प्रतिमांनीही त्यास दुजोरा दिला. सामान्य तापमानास अणू दोन तुल्य स्थितींमध्ये वेगाने हेलकावत असल्याने सममित जाळी दिसते, हे स्पष्टीकरण आज सर्वसाधारणपणे स्वीकारले जाते. अर्थात १९८८ चे प्रारूप खोटे नव्हते. ते गतिमान वास्तवाचे सरासरी चित्र होते.

डोपिंगची कसोटी :

या थरावर सोने अथवा चांदीचे सुमारे ०.१४ थर इतके जादा अणू टाकल्यास √२१×√२१ ही नवी रचना तयार होते. हे अणू आपले इलेक्ट्रॉन पृष्ठभागीय पट्ट्यास देतात व पृष्ठभागाची वाहकता वाढते, हे हासेगावा यांच्या गटाने १९९० च्या दशकात दाखविले. नव्या कोशिकेत जादा अणू तीन, चार की पाच, याविषयी मात्र मतभेद होते. येथे निर्णायक साहाय्य केले ते इलेक्ट्रॉनांच्या मोजणीने. २००२ साली क्रेन व सहकाऱ्यांनी प्रकाश-उत्सर्जनाने फर्मी पृष्ठ मोजले असता प्रति कोशिका तीन इलेक्ट्रॉन भरलेले आढळले. एकसंयुजी अणू प्रत्येकी एक इलेक्ट्रॉन देतो असे धरल्यास जादा अणूंची संख्या तीन ठरते. आणि एकवीस स्थानांमागे तीन अणू म्हणजेच ०.१४ थर. रचनेविषयीचा प्रश्न येथे चित्रावरून न सुटता हिशेबावरून सुटला, ही बाब विशेष लक्षणीय आहे.

निष्कर्ष :

१) टनेलिंग प्रतिमा हा रचनेचा पुरावा आहे, रचना नव्हे. 'अणू प्रत्यक्ष दिसतात' हे अध्यापनात सर्रास केले जाणारे विधान विद्यार्थ्यांची दिशाभूल करणारे ठरते.

२) आच्छादन व इलेक्ट्रॉनसंख्या यांची स्वतंत्र मोजणी झाल्याशिवाय कोणतेही प्रारूप अंतिम मानू नये.

३) डोपिंग ही केवळ वाहकता वाढविण्याची क्रिया नसून रचना तपासण्याची कसोटीही आहे.

४) एका पद्धतीची उणीव दुसरी पद्धत भरून काढते. १९८७ चा वाद कोणाच्या अकौशल्यातून उद्भवला नाही. एकाच साधनावर विसंबून राहिल्यातून उद्भवला. अणुरचनेच्या प्रत्येक नव्या दाव्याचे मूल्यमापन करताना हा धडा समोर ठेवणे अगत्याचे आहे.