चित्रफीत आणि चळवळीचा इतिहास

विद्यार्थी-चळवळींचा इतिहास विद्यार्थ्यांकडूनच लहान चित्रफिती करवून शिकविण्याची पद्धती स्वागतार्ह खरी. परंतु तिचा कस लागतो तो दृश्यांच्या निवडीत. अमेरिकेतील ग्रीन्सबरो येथे १ फेब्रुवारी १९६० रोजी चार कृष्णवर्णीय विद्यार्थी वुलवर्थच्या दुकानातील, केवळ गोऱ्यांसाठी राखलेल्या उपाहार-काउंटरवर बसले. या घटनेचे म्हणून जे छायाचित्र नेहमी दाखविले जाते, ते वस्तुतः दुसऱ्या दिवसाचे आहे. त्यातील चौघांपैकी जोसेफ मॅकनील व फ्रँकलिन मॅककेन हे दोघेच मूळचे. तेच चित्र पहिल्या दिवसाच्या निवेदनाला बिनदिक्कत जोडले जाते. आणि परीक्षक गुण देतो ते संकलनाच्या सफाईला!

याहून गंभीर उणीव कालाविषयीची आहे. काउंटर सर्वांना खुले झाले ते २५ जुलै रोजी, आणि तेथे प्रथम जेवले ते दुकानातीलच कृष्णवर्णीय कर्मचारी. मधल्या जवळजवळ सहा महिन्यांत बहिष्कार झाला, वाटाघाटी झाल्या, बेनेट महाविद्यालयाच्या विद्यार्थिनींनीही भार उचलला. वाटाघाटींचे दृश्य सापडत नाही, म्हणून चित्रफितीत त्यांना स्थानही मिळत नाही. प्रत्येक छायाचित्राचा दिनांक व त्यातील व्यक्ती नोंदविण्याची सक्ती केल्याखेरीज अशा चित्रफितीस निबंधाची बरोबरी देऊ नये, असे आमचे मत आहे.