निवेदकांची निवड : हेतू आणि सोय

गुणात्मक संशोधनात असंभाव्यता-नमुना घेण्यास हरकत नसावी. परंतु बोलीविषयक प्रबंधांत ‘सहेतुक नमुना’ असे लिहून हेतू मात्र अनुक्त ठेवला जातो. ग्रीअर्सन यांच्या भाषा-सर्वेक्षणाचा मराठी खंड १९०५ साली निघाला. त्यातील उधळ्या पुत्राच्या कथेची रूपांतरे बहुतांशी जिल्ह्यांतील सरकारी अधिकाऱ्यांमार्फत आलेली. बोलणारा कुळवाडी होता की कचेरीतील कारकून, याचा उलगडा त्यांवरून सहसा होत नाही.

याउलट लेस्ली मिलरॉय यांनी बेलफास्टच्या तीन कामगार वस्त्यांत ‘मित्राचा मित्र’ या नात्याने प्रवेश मिळविला व अवघ्या ४६ निवेदकांवर आपला १९८० चा ग्रंथ उभारला. ओळखीचे जाळे हाच त्यांचा अभ्यासविषय असल्याने ही हिमगोल पद्धती तेथे शोभते. तीच एखाद्या तालुक्यातील सर्व जातींच्या बोलींसाठी योजिली, तर पहिला निवेदक ज्या आळीचा, तिच्यापलीकडे अभ्यासक बहुधा पोहोचत नाही. (प्रस्तुत लेखकाच्या पहिल्या संग्रहात हेच घडले होते.)

कोणास वगळले व का, हेही प्रबंधात यावे. वसतिगृहातील मित्रच निवेदक असतील, तर तो सोयीचा नमुना होय. तसे लिहिण्यात कमीपणा नाही.